रिकामं कुरण

"अहो, यात जनावर कुठंय?"

मधुवंतीने अगदी सहज विचारलं, आणि सारंगने चटईवर बसल्या बसल्या पुन्हा एकदा मांडी बदलली. सकाळी सिंगापूरच्या चांगी धक्क्यावरून बोटीने उबीन बेटावर उतरल्यापासून त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. सायकल दामटत पुढे जायचा, थांबायचा, बायको येते का बघायचा, पुन्हा पुढे. आता वाटेवरच्या शेडमध्ये जेवायला म्हणून टेकले, तर डब्याआधी त्याने सॅकमधून कॅटलॉग काढून तिच्या पुढ्यात ठेवला होता.

शिकारीच्या बंदुकांचा कॅटलॉग. त्याचा मित्र उल्हास जहाजावर इंजिनियर. युरोपातल्या बंदरांतून तो असले कॅटलॉग घेऊन यायचा आणि रविवारच्या सायकलवाल्यांत ते लग्नाच्या अल्बमसारखे हातोहात फिरायचे. जाड, किंचित खरबरीत कागद. पहाटेचं धुकं, दवाने वाकलेलं गवत, लाकडी कुंपण, पलीकडे लांबवर गेलेलं कुरण. कुंपणाला बंदूक टेकवलेली, जणू कुणी काठी ठेवून चहा प्यायला गेलंय. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, त्यावरच्या पाण्यासारख्या रेषा. शेजारी वाफाळता मग आणि एक भिजलेलं कुत्रं. सारंगने जन्मात कधी जत्रेतले फुगेसुद्धा फोडले नव्हते. पण ऑफिसात दोन मीटिंगांच्या मध्ये तो हीच पानं उलटत बसे.

"जनावर नसतं दाखवत त्यात," तो म्हणाला.

"का बरं?"

"फोटो बघ ना. उजेड कसला पकडलाय."

"सुंदरच आहेत हो," ती मनापासून म्हणाली. "हे दव तर हाताला लागेल असं वाटतंय." आणि तिने खरंच पानावरून बोट फिरवून पाहिलं.

सारंगला हे नको होतं. पुढच्या महिन्यात उल्हास आणखी दोघांना घेऊन न्यूझीलंडला हरणाच्या शिकारीला निघाला होता. वाटाड्या, डोंगरातली झोपडी, सगळं ठरलेलं. सारंगचं नाव तेवढं अडलं होतं, आणि आज संध्याकाळच्या आत त्याला हो की नाही ते कळवायचं होतं. आठवडाभर तो बायकोच्या मागे लागला होता. ती चिडली असती, रडली असती, तर बरं झालं असतं. तिचा आवाज काही चढत नव्हता.

"मधू, तू एकदा नाही म्हणून टाक. म्हणजे मी मोकळा."

"मी कशाला नाही म्हणू?"

"तुझं व्रत आहे ना?"

"माझं आहे. तुमच्या गळ्यात कशाला बांधू?"

"म्हणजे जा म्हणतेस?"

"तसंही मी म्हटलेलं नाही."

तिने कॅटलॉग त्याच्या मांडीवर सरकवला आणि डबा उघडला. चातुर्मासात तिचा रोजचा नेम होता. आधी मुक्या जिवासाठी घास काढायचा, तो कुणाच्या तरी पोटात गेला की मगच आपण जेवायचं. हौगांगला त्यांच्या घराच्या ब्लॉकखाली एक मांजर होतं, त्याला या नेमाची वेळ पाठ झाली होती. आज तिने गूळ-तूप लावलेल्या पोळीची घडी केळीच्या पानावर ठेवली आणि पान चटईच्या कडेला सरकवलं.

"समोरची पाटी वाचलीस का? रानडुकरांना खायला घालू नका. सिंगापुरात दंड चुकत नाही हं."

"मी कुठे घालतेय? मी काढून ठेवलाय."

"आणि कुणी आलंच नाही तर?"

"तर घरी मांजर आहे."

"तोवर तू उपाशी बसणार आणि मी इथे पोळ्या हाणू?"

"हाणा की. भेंडी केलीय."

त्याने पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. फोन गुरगुरला. उल्हास विचारत होता, 'काय रे, वहिनींनी सोडलं का?' सारंगने उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहायला घेतलं.

तेवढ्यात मागच्या झुडपात पाचोळा वाजला. वळून बघेपर्यंत ती चटईपाशी आलीसुद्धा. रानडुकरीण. अंगावर वाळलेला चिखल, एक कान फाटलेला, मागे पट्ट्यापट्ट्यांची दोन पिल्लं. इतकी जवळ, की तिच्या पापण्यांचे केस दिसले आणि श्वासाचा ऊन वास आला. सारंग बुटांसकट शेडमधल्या बाकावर कधी चढला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. मांडीवरचा कॅटलॉग चटईवर उताणा पडला.

मधुवंतीने बसल्या जागेवरून बोटसुद्धा हलवलं नाही.

डुकरिणीने कॅटलॉग हुंगला, ओलं नाक दाबून जरा ढकललासुद्धा. मग तिला पोळीचं पान सापडलं. पोळी संपवून तिने मान वर केली आणि सारंगकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पिल्लांना घेऊन आली तशी निघून गेली.

"चावली असती म्हणजे?" सारंग बाकावरूनच म्हणाला.

मधुवंतीने हात धुतले, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली आणि पहिला घास घेतला.

तो खाली उतरला. कॅटलॉग कुंपणाच्या पानावरच उघडा होता. धुकं तसंच, बंदूक तशीच. पलीकडच्या रिकाम्या कुरणात मात्र दोन गोल नाकपुड्या आणि त्यांच्याभोवती चिखलाचा ओला ठसा उमटला होता.

मधुवंतीने मान तिरकी करून पानाकडे पाहिलं.

"आलं बघा," ती हळूच म्हणाली.

खिशात फोन पुन्हा गुरगुरला. सारंगने फोनऐवजी ठसा पुसायला रुमाल काढला, पण तो हातातच धरून ठेवला. पान मिटलं तर ठसा पुसेल, म्हणून चिखल वाळेपर्यंत तो कॅटलॉग उघडा धरून बसून राहिला.