दारावरचा डाग

प्लोव्दिवमधली आमची गल्ली मी कॉम्प्युटर गेममध्ये हुबेहूब उभी केली होती. फक्त आमच्या दारावर एक पांढुरका डाग दिसायचा. जुन्या ग्राफिक्स कार्डाला झेपत नसेल, म्हणून मित्राचं नवं कार्ड लावून पाहिलं. फरक पडला तर विकत घेणार होतो.

"काय रे कामेन, महिन्याचा पगार घालवण्याइतकं काही दिसतंय का त्यात?" शेजारी विणत बसलेल्या आईने विचारलं.

डाग स्पष्ट झाला. तो कागद होता. माणूस गेलं की आम्ही दारावर चिकटवतो तसा, काळ्या चौकटीचा. फोटोत आई होती, अंगात हिरवा स्वेटर.

मी घाईने स्क्रीन बंद केला. "नाही गं आई, काहीच नाही."

"मग देऊन टाक परत. आणि ही शेवटची बाही झाली ना, की या हिरव्या स्वेटरमध्ये माझा एक छान फोटो काढ."