एक असमाधानी

"असमाधानी," विल्फ म्हणाला आणि त्यानं कोटाची बाही घट्ट धरून ठेवली.

"हो रे बाबा, कळलं," म्हणत ऑड्रेनं त्याची बोटं सोडवली आणि कोट खुंटीला अडकवला. खुंटीवर अजून नवऱ्याच्या नावाची चिठ्ठी होती: लॉर्ड गार्साइड. शेजारच्या खुंटीवरची चिठ्ठी मात्र बदलली होती. तिथला म्हातारा नाताळात गेला.

इथं, लॉर्डांच्या सभागृहात, हो-नाही म्हणत नाहीत. ठराव पटला तर 'समाधानी' म्हणायचं, नाही पटला तर 'असमाधानी'. सव्वीस वर्षं हेच म्हणून म्हणून विल्फच्या डोक्यात आता तेवढे दोनच शब्द शिल्लक राहिले होते. लापशी पुढं ठेवली की समाधानी, अंघोळीचं नाव काढलं की असमाधानी. गावाकडच्या, बार्न्सलीतल्या शेजारणी आधी पोट धरधरून हसल्या. ऑड्रेही हसली होती, खोटं कशाला बोला. आता कोणी हसत नव्हतं. आज तर सकाळपासून एकच धोशा: बुटांना असमाधानी, आगगाडीला असमाधानी, पुलावरच्या वाऱ्यालाही असमाधानी.

पण त्याला आणणं भाग होतं. इथं कोणी निवडून येत नाही, म्हणून कोणी पडतही नाही. एकदा नेमलं की मरेपर्यंत सभासद. मेख एवढीच, की अख्ख्या अधिवेशनात एकदाही आत पाऊल टाकलं नाही, तर जागा आपोआप जाते. विल्फनं टाकलं नव्हतं, आणि आज शेवटचा दिवस होता.

दारावरचा पर्किस जुना माणूस. काळा कोट, छातीवर साखळीला लटकणारा बिल्ला. तो हळूच म्हणाला, "बाईसाहेब, राग मानू नका. हे घरी बसले तरी लॉर्ड ही पदवी कोणी काढून घेत नाही. जाते ती नुसती जागा."

"आणि ती पदवी मी कुठल्या खुंटीला टांगू?" ऑड्रे फणकारली. "डॉक्टरांकडून आलो त्या दिवशी हा म्हणाला होता, जिवंत आहे तोवर सभागृहाच्या यादीतून माझं नाव काढू देऊ नकोस. तेव्हा याला सगळं कळत होतं, पर्किस. मी शब्द दिलाय."

पर्किसनं दार उघडलं.

सभागृहाच्या तोंडाशी पितळी कठडा आहे. त्याच्या पलीकडे सभासदाखेरीज कोणी जायचं नाही, बायकोनं तर नाहीच. विल्फनं एकट्यानं पंधरा पावलं चालून लाल बाकावर बसायचं. टेबलाशी बसलेला चिटणीस बघणार, नावापुढं खूण करणार, की मिटलं.

"जा, विल्फ. ती बघ तुझी जागा. मी इथंच आहे."

"असमाधानी." त्यानं तिचं मनगट धरलं.

"जा ना रे राजा, एवढं एकदा," म्हणत तिनं त्याच्या पाठीला हात लावला. खरं सांगायचं तर ढकललंच.

तो गेला, अडखळत गेला आणि बसला. चिटणिसानं मान वर केली, काहीतरी लिहिलं. लागलं एकदाचं नाव!

आत मेंढ्यांच्या कानातल्या बिल्ल्यांचा नियम चालला होता. भांडायला कोणाला हौस? अध्यक्षांनी विचारलं, "समाधानी?" बाकांवरून गुणगुण उठली. "असमाधानी?" असं त्यांनी विचारलं ते केवळ रीत म्हणून.

विल्फ मघापासून कठड्याकडे बघत कोणाला तरी शोधत होता. त्याला ऑड्रे सापडली.

"असमाधानी!"

"वा, गार्साइड! जुनं खोड!" कोणीतरी म्हणालं. हशा पिकला. अध्यक्षांनी सांभाळून घेत पुन्हा विचारलं. विल्फ उठून उभा राहिला आणि त्यानं कठड्याकडे हात पसरला.

"असमाधानी!"

दोनदा आवाज आला, की मतं मोजायची.

"कठडा मोकळा करा!" अध्यक्षांनी पुकारा केला.

पर्किस ऑड्रेजवळ आला. "बाईसाहेब, मोजणी लागली. तुम्हाला बाहेर व्हावं लागेल."

"अहो, तो मत नाही देत! तो मला बोलावतोय!"

"कळतंय हो मला," पर्किस म्हणाला आणि त्यानं तिचं कोपर धरलं.

दार लागलं. सगळ्या मजल्यांवर घंटा खणाणू लागल्या. त्या आवाजातही तिला विल्फ ऐकू येत होता. तोच एक शब्द, पुन्हा पुन्हा, लहान मूल रडतं तसा. ऑड्रे दाराला दोन्ही तळवे लावून उभी राहिली. मेल्या सभासदत्वाला आग लागो, असं तिला वाटलं.

घंटा थांबल्या. पर्किस विल्फला धरून बाहेर आला. विल्फचा चेहरा ओला होता.

"मोजणी झाली नाही," पर्किस तिच्याकडे न बघता म्हणाला. "त्या बाजूनं मोजायला दोघांनी उभं राहावं लागतं. कोणी राहिलं नाही. असमाधानी एकटाच असला, तर मोजत नाहीत, बाईसाहेब. पण नाव लागलंय. पुढच्या अधिवेशनातही ते सभासद."

"मी तरी सकाळपासून कुठं मोजलं," ऑड्रे म्हणाली.

खुंटीशी तिनं कोट उघडून धरला.

"असमाधानी," विल्फ म्हणाला.

ती थांबली. कोट तिनं घडी करून स्वतःच्या हातावर टाकला. मग खुंटीवरची चिठ्ठी काढली आणि पर्किसच्या हातात दिली.