सत्तावीस नोव्हेंबर सुटेना

"नल," संघप्रिया म्हणाली. सकाळपासून पाचव्यांदा.

"ह्यो नल कोण?" शेजारच्या खुर्चीत ठाण मांडून बसलेल्या उदयसिंहांनी विचारलं.

कसबा बावड्यातलं मंगल कार्यालय त्यांचं, त्याच्या बुकिंगची वेबसाइट संघप्रियाची. गिऱ्हाइकानं तारीख निवडली की ती वीस मिनिटं त्याच्यासाठी धरायची. पैसे न भरता तो गेला तर सोडायची. धरणं जमत होतं, सोडणं नाही. सत्तावीस नोव्हेंबर ती रोज सकाळी हातानं मोकळी करी, आणि चहा यायच्या आत कुणीतरी पुन्हा धरून पसार. आठ दिवस हेच. बारापर्यंत जमलं नाही तर काम दुसऱ्याला, असं सांगूनच उदयसिंह आत आले होते.

"दादा, गिऱ्हाइक साइटवर असेतोवर त्याचं सेशन असतं. त्यातल्या एका बीनमध्ये, म्हणजे डबीत, त्याची तारीख. सेशन संपलं की लिसनरला, म्हणजे पहाऱ्यावरच्या कोडला, कळतं, तो चालू पानाकडं बीन मागतो. उत्तर नल. म्हणजे कुणीच नाही."

"माणूस तर गेलेला."

"व्हय."

"मग पान कसलं चालू? मढं न्यायच्या आधी खिसं तपासत्यात, मॅडम. हाका मारत बसत न्हाईत."

संघप्रियाचे हात कीबोर्डवर थांबले. सेशन अजून पुरतं गेलेलं नसतं, आणि बीन त्याच्याच खिशात. तिनं एक ओळ खोडली, एक लिहिली. अकरा दहाला नवी साइट चढवली, तारीख मोकळी केली. मिनिटभरात कुणीतरी धरलीच.

दोघं पडद्याला डोळे लावून बसले. अठरा मिनिटं. एकोणीस. उदयसिंहांच्या चहावर साय धरली. वीस झाली, काही नाही. संघप्रियानं नख खाल्लं.

एकविसाव्या मिनिटाला तारीख हिरवी झाली.

"सुटली की," उदयसिंह उभेच राहिले. तेवढ्यात ती लाल झाली. पेठ वडगावच्या पार्टीनं सगळे पैसे भरले होते.

"पावती गेली?"

"गेली. आता देवालाबी बदलता यायची नाही."

"बहाद्दर हाय तू. नव्या हॉलचंबी काम तुलाच."

फोन वाजला. घरून होता. आनंदात त्यांनी स्पीकरच लावला.

"अवो," संयोगिताबाई धापा टाकत होत्या, "पोरीकडनं होकार आला. आपल्या राजवीरचं लगीन ठरलं. तारखेचा घोर करू नका, सत्तावीस मी आठ दिस झालं रोज धरून ठेवलीया."