ढिगाऱ्यातला पाइप

इमारत कोसळली तेव्हा नेटवर्कही गेलं. ढिगाऱ्यातल्या पाइपांच्या जंजाळातून टणटण ऐकू आली आणि शालन उसळलीच.

"सासूबाईच त्या! नळाला पाणी आलं की उलथन्याने पाइप बडवून अख्खी इमारत उठवतात!"

पण सगळेच पाइप वाजत होते. खणायचं कुठे?

अग्निशमन दलाच्या साळुंख्यांनी आपल्या साध्याच स्मार्टफोनमधल्या एआयला कॅमेऱ्यातून ढिगारा दाखवला आणि शालनने गच्चीवर काढलेला वाळत्या पापडांचा जुना फोटोही. त्यात पापडांमागे सगळे पाइप दिसत होते; आपल्या स्वयंपाकघरात उतरणारा कुठला, ते शालनने बोटाने दाखवलं. नेटवर्क नसतानाही फोनने क्षणात तुकड्याला तुकडा जुळवला. शालनच्या स्वयंपाकघरात जाणारा पाइप पडद्यावर हिरवा झाला.

त्याच्या तुटक्या तोंडाशी वाकून शालन ओरडली, "आई, पाणी आलं!"

"मग बघत काय बसलीस?" आतून आवाज आला. "पिंप भर आधी!"