नवव्या दिवसाचं पोसोले

फिदेलाच्या उंबऱ्यात पाऊल टाकताच कुकरची सुरसुर कानावर आली आणि ओब्दुलियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. क्रिसोफोरोला जाऊन आज नववा दिवस. संध्याकाळी जपमाळ संपणार, जमिनीवर चुन्याच्या भुकटीनं काढलेला क्रूस गोळा करून उचलला जाणार आणि अख्खी गल्ली मका-डुकराचं पोसोले जेवायला बसणार. आणि ते पोसोले ही त्याची बायको कुकरात शिजवत होती. तेही एकटी!

मेक्सिकोतल्या या चिलापा गावात माणूस गेलं की नवव्या दिवशी सकाळी शेजारच्या बायका न बोलावता येतात. येताना आपापलं स्टूल आणतात. चुन्याच्या पाण्यात उकडून सोललेल्या मक्याची टोपली मधे ठेवायची, आणि गोल बसून एकेका दाण्याचं टणक बूड नखानं खुडायचं. खुडलं नाही तर डुकराच्या रश्शात दाणा कितीही शिजवा, फुलत म्हणून नाही. गेली तीस वर्षं गल्लीतल्या प्रत्येक मयताच्या टोपलीपाशी ओब्दुलिया पहिली बसत आली होती. तिला हा मान कुणी दिला नव्हता, पण तो काढून घेण्याची हिंमतही आजवर कुणी केली नव्हती. आणि परवा फिदेलानं निरोप धाडला, कुणी येऊ नका, माझं मी करते.

"निरोप म्हणे! त्यापेक्षा दारावर कुत्रा बांधायचा होता," असं वाटभर पुटपुटत ओब्दुलिया आली होती. मागून तोमासा आणि आणखी तिघी आपापली स्टुलं सांभाळत निमूट चालत होत्या.

फिदेला काळ्या कपड्यांत, बाह्या कोपरापर्यंत सारून शेगडीपाशी उभी होती. मोठ्या पातेल्यात दोन खेपा काढून झाल्या होत्या, तिसरी कुकरात होती.

"अहो कोमाद्रे, हे काय आरंभलंय तुम्ही?" ओब्दुलियानं आवाज चढवला. फिदेलाच्या लेकीला, नोएमीला, बाप्तिस्म्याच्या वेळी ओब्दुलियानंच हातांवर धरलं होतं. तेव्हापासून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत. "डुकराचं डोकं तरी मावतं का त्या डबड्यात?"

"चार तुकडे केले. मावलं."

"आणि मका? दुकानातला, पुडीतला असणार!"

फिदेलानं कोपऱ्यातल्या परातीकडे नुसतं बोट केलं. परातीत खुडलेल्या बुडांचा ढीग होता. चार जणींचं काम तिनं कालपासून एकटीनं उरकलं होतं. तिच्या दोन्ही अंगठ्यांची सालं निघाली होती.

ते पाहून ओब्दुलियाला दया यायला हवी होती. पण ती आणखीच भडकली. आळसापोटी केलं असतं तर दोन शब्द सुनावून तिनं सोडून दिलं असतं. पण हा तर उघड उघड अपमान होता. तिनं स्टूल दाणकन मधोमध मांडलं आणि त्यावर बसली.

"मी इथून हलायची नाही. क्रिसोफोरोनं या गल्लीत कुणाचं छप्पर शाकारलं नाही, सांगा. आणि त्याच्या शेवटच्या जेवणाला आमचा हात लागायचा नाही? लोक काय म्हणतील?"

"चुलीवर पाच तास लागतात," फिदेला शांतपणे म्हणाली. "पाच तास बायका नुसत्या बसत नाहीत. बोलतात."

"मग? बोलू नये?"

"नोएमीच्या नवव्या दिवशी तुम्ही सगळ्याजणी इथेच बसला होतात. डॉक्टरांनी मला सुई दिली होती. मी त्या पडद्यामागे पडले होते. तुम्हाला वाटलं, झोपलेय." फिदेलानं शेगडी बारीक केली. "खुडता खुडता एकजण म्हणाली, 'पोरगी आईच्या तोंडाला कंटाळली होती. घरात सुख असतं तर कशाला त्या बसमध्ये चढली असती?'"

सहा वर्षांपूर्वी ती बस घाटातून दरीत कोसळली होती. आत नोएमी होती.

"नोकरीच्या मुलाखतीला चालली होती हो ती," फिदेला म्हणाली. "तिच्या ब्लाउजला इस्त्री मीच केली होती. जाताना माझ्या गळ्यात पडून गेली. आणि सहा वर्षं मी रोज विचार करतेय, खरंच माझ्या तोंडामुळे गेली का ती?"

आपला सगळा मानापमान ओब्दुलिया क्षणात विसरली. आता तिला संताप आला तो फिदेलासाठी, आणि तो अगदी मनापासूनचा होता.

"जिचं लेकरू गेलंय, तिच्याच घरात बसून असं बोलायचं? जीभ कशी नाही झडली त्या बाईची!" ती चौघींकडे वळली. "तोमासा, तू होतीस का गं? की तुमच्यातली कुणी? बोला ना, आता का दातखीळ बसली?"

तोमासा पायातल्या चपलेकडे बघत राहिली. बाकीच्या तिघीही मान वर करेनात.

"तुम्ही नाव सांगा, कोमाद्रे," ओब्दुलिया डोळे पुसत म्हणाली. "आत्ता, या चौघींसमोर सांगा. ग्वादालूपच्या आईची शपथ घेते. ती कुणी का असेना, यापुढे या गल्लीतल्या एकाही मयताच्या घरी मी तिला बसू देणार नाही."

फिदेला तिच्या स्टुलापाशी येऊन उभी राहिली.

"मग उठा, कोमाद्रे," ती म्हणाली.