दिल्ली, तीन दिवस, चौघं

उदयसिंह आणि प्रियदर्शनी रविवारी दुपारी पावणेबाराला कायमचे वेगळे झाले. पण ते झालंच नाही असं धरून चालू. कारण साडेअकराला दोघं राजारामपुरीत, तिच्या घरच्या गॅलरीत बसून दिल्लीचा बेत आखत होती आणि सगळं झकास चाललं होतं.

आत हॉलमध्ये दोन्हीकडची माणसं बसलेली. टीव्हीचा आवाज बंद केलेला, चित्रं तेवढी हलत होती. दोघांना बाहेर पाठवताना हंबीररावांनी, म्हणजे उदयसिंहाच्या मामांनी, बजावलं होतं, "मागचं काय उकरू नका. पुढचं बोला. आज मोडलं तर मी मध्ये पडणार न्हाय, आधीच सांगतो."

उदयसिंहालाही मोडायचं नव्हतं. काही झालं तरी आज जमवूनच उठायचं, असं तो ठरवून आला होता. मुलं अजून आली नव्हती, त्यामुळं बोलायला निवांतपणा होता.

"दिवाळीत नको," प्रियदर्शनी म्हणाली. "गर्दी असते. डिसेंबरात जाऊ."

"डिसेंबरात थंडी हाय तिकडं. तेजस्वीला लगेच सर्दी."

"तिला टोपी घालू."

"ती ठेवतीय व्हय डोक्यावर?"

प्रियदर्शनी हसली. तेजस्वी साडेतीन वर्षांची आणि एक नंबरची हट्टी, राजवीर सातचा आणि त्या मानानं शहाणा, याबद्दल दोघांचं एकमत होतं.

"पण रेल्वेनं दीड दिवस," ती म्हणाली. "राजवीरला गाडी लागली तर?"

"रेल्वे कुणाला लागत न्हाय. बस लागती. मला अजून लागती."

"मग तुमच्यावरच गेलाय."

उदयसिंहाचा ऊर भरून आला. पोरगं आपल्यावर गेलंय असं कुणी तोंडावर सांगितलं की माणसाचं काय होतं, ते त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं. चहा गार झाला तरी त्यानं कप खाली ठेवला नाही.

पहिल्या दिवशी लाल किल्ला आणि इंडिया गेट. दुसऱ्या दिवशी रेल्वेचं संग्रहालय. तिथं म्हणे लहान मुलांची छोटी गाडी असते. तेजस्वी मांडीवर बसलीय, गाडी वळण घेतेय आणि ती आपला अंगठा घट्ट धरून ओरडतेय, हे उदयसिंहाला गॅलरीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या बसल्या दिसायला लागलं. वारणानगरच्या डेअरीत दुधाचे नमुने तपासणाऱ्या माणसाला एरवी असं काही दिसत नाही.

"जेवायचं काय?" ती म्हणाली.

"भाकरी-चटणी न्यायची. भडंगाचा डबा भरायचा."

"दिल्लीला जाऊन भडंग?"

"मग दिल्लीला जाऊन पोरं उपाशी ठेवायची?"

इथपर्यंत ठीक होतं. तिसऱ्या दिवशी कुतुबमिनार आला.

"राजवीरला तिकिटाच्या रांगेत उभा करू," उदयसिंह म्हणाला. "मी पाणी आणतो. तुम्ही तेजस्वीला घेऊन सावलीत बसा."

प्रियदर्शनीचा कप तोंडापाशीच थांबला. "एकट्याला?"

"सात वर्षांचा हाय की."

"आणि हरवला म्हणजे?"

"हरवत न्हाय. त्याला फोन नंबर पाठ हाय."

"कुणाचा?"

"माझा."

"म्हणजे आईचा नाही पाठ करून घेतला."

उदयसिंह गोंधळला. नंबर कधी पाठ करून घेतला, ते त्याचं त्यालाच आठवेना. पण आता माघार घेतली तर पोरगं खोटारडं ठरलं असतं.

"तुमचं हे नेहमीचंच आहे," ती म्हणाली. "मुलांचं सगळं तुम्ही ठरवायचं आणि मी सावलीत बसायचं."

"आणि टोपी घालू म्हणालासा, तवा मला इचारलासा?"

आवाज चढले तरी अहो-जाहो सुटलं नाही, एवढी दोन्ही घरांची वळणं चांगली. पण बोलता बोलता राजवीर दोनदा हरवला आणि एकदाच सापडला. तेजस्वीला ताप भरला. तो कुणामुळं भरला यावर तीन मिनिटं गेली.

"तुम्ही जावा एकटे दिल्लीला," शेवटी प्रियदर्शनी म्हणाली. "मुलं माझ्याकडं राहतील."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"तेजस्वी तरी द्या."

"एवढीशी पोर बापाकडं कशी राहील?"

उदयसिंहानं मांडीवरून हात उचलला. तिथं एकदम गार लागायला लागलं होतं.

हंबीरराव दारात आले. "काय मग, जमलं?"

"नाही जमायचं, मामा," प्रियदर्शनी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. ते का भरले, हे तिलाही धड सांगता आलं नसतं.

"आरं, पण बिनसलं कशावरनं?"

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. आत कुणीतरी टीव्हीचा आवाज मोठा केला.

परतताना गाडीत मामांनी पुन्हा विचारलं, "झालं तरी काय?"

"कुतुबमिनार," उदयसिंह म्हणाला आणि मागच्या सीटकडं न बघता काच खाली केली.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्यानं कोऱ्या कागदावर अर्ज लिहिला आणि संध्याकाळी मामांच्या हातात नेऊन दिला. मामांनी तो उभ्यानं वाचला. मग खाली बसून पुन्हा वाचला.

"मा. हंबीरराव मामा यांस. विषय : मुलांच्या ताब्याबाबत. महोदय, राजवीर आईकडे राहण्यास माझी हरकत नाही. तथापि, काल आपण स्थळ म्हणून माझी व कु. प्रियदर्शनी यांची प्रथमच भेट घालून, आम्हांस गॅलरीत बोलण्यास जी पंधरा मिनिटे दिलीत, त्या मुदतीत आमच्या बोलण्यात झालेल्या तेजस्वीचा ताबा मला मिळावा. आणि आम्हा दोघांची लग्ने पुढे कोणाशीही झाली तरी दोन्ही भावंडांची वर्षातून एकदा, शक्यतो दिल्लीत, गाठ घालून देण्यात यावी, ही नम्र विनंती."