पहिल्यांदाच येणाऱ्यांसाठी

"हात कर पुढे. आणि हसू नकोस, आकडा चुकेल," मामा म्हणाला आणि त्याने छोटूच्या मनगटावर बॉलपेनने आपला फोन नंबर लिहिला. मग त्याला आणि त्याच्या थोरल्या बहिणीला तिकीट खिडकीपुढे उभं करून त्यांचा फोटो काढला. कुणी हरवलंच, तर अंगात कोणते कपडे होते ते दाखवता येतं.

मामा लिफ्ट दुरुस्त करायचा. लग्न झालेलं नव्हतं. पोरांना घेऊन एवढ्या मोठ्या पार्कात यायची त्याची ही पहिलीच वेळ, म्हणून चार दिवस तो भेटेल त्याला विचारत सुटला होता. शेवटी ऑफिसात कामं वाटून देणाऱ्या बाईंनी त्याला नीट पढवलं. गेट उघडायच्या आधी पोचा. दारातल्या पाळण्याशी रेंगाळू नका, सगळं जग तिथेच रेंगाळतं. सरळ शेवटच्या टोकाला जा आणि तिथून मागे मागे येत राहा. नवे बूट नकोत. जेवण अकरालाच उरका, नाहीतर तासभर ताट हातात घेऊन उभे राहाल.

मुलांची आई, म्हणजे मामाची ताई, तीन आठवडे दवाखान्यात होती. गेल्या आठवड्यात तिने त्याला उशाशी बोलावलं होतं. "मंगळवारी गर्दी कमी असते म्हणे. दोघांना फिरवून आण. मी बरी झाल्यावर जाऊ म्हणालास, तर राहूनच जाईल." 'बरी झाल्यावर' म्हणताना ती हसली होती. मामाने त्याच दिवशी रजेचा अर्ज दिला.

सकाळ झकास गेली. शेवटच्या टोकाला रांगच नव्हती. छोटू गोल फिरणाऱ्या कपात तीनदा बसला आणि तीनदा उलटीच्या बेतात येऊन परतला. मामाला मनातून जरा अभिमान वाटला. अकराच्या ठोक्याला तिघं जेवायला बसले, आणि फोन वाजला. भावोजींचा होता. मामा हात धुवायच्या नळापाशी गेला.

"गेली," भावोजी म्हणाले. "ऐक. पोरांना आत्ता आणू नकोस. इथलं आवरायला चार-पाच वाजतील. त्यांचा दिवस मोडायचा नाही, असं तिने मला दोनदा बजावलंय."

"मी काय सांगू त्यांना?"

"काही नको. तू घरी आण. मी सांगेन."

मामाने नळ सोडला, तोंडावर पाणी मारलं आणि चेहरा कोरडा होईपर्यंत तिथेच थांबला. परत आला तेव्हा थोरली भावाची हनुवटी पुसत होती. ती अकरा वर्षांची होती. तिने मामाकडे एकदा पाहिलं आणि मग उरलेलं सगळं जेवण मुकाट्याने संपवलं.

पुढचे तास मामाने रेटले. आरशांच्या खोलीत त्याला आपलंच तोंड वीस ठिकाणांहून दिसलं, तेव्हा तो मान खाली घालून बाहेर आला. पाण्याच्या घसरगुंडीवर त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं हसून दाखवलं. छोटूचं मात्र एका गोष्टीवर बारीक लक्ष होतं. "मामा, बारा वाजले का? बाराला आईला फोन लावायचा ना?"

मामाने घड्याळ बाहीखाली सरकवलं.

"आई झोपली असेल रे," थोरलीच म्हणाली. "चल, तुला ती होडी दाखवते. पळ!"

मामाने सुटकेचा श्वास टाकला. पोरीला काहीच ठाऊक नाही, असं त्याच्या मनात आलं.

अडीच वाजता ते मोठ्या रोलर कोस्टरपाशी पोचले. छोटूची उंची चार बोटं कमी भरली. गणवेशातल्या बाईंनी त्याला कठड्याच्या आत, तशाच आणखी दोघातिघांच्या शेजारी बाकावर बसवलं. "जा तुम्ही, आहे मी इथे," त्या म्हणाल्या. थोरलीला बसायचंच होतं. मामाने सवयीने दोघांच्या छातीवरचा दांडा ओढून पाहिला. पक्का होता.

गाडी खडखडत चढू लागली. माथ्यावर क्षणभर थांबली. खाली पार्क, पलीकडे गाड्यांच्या रांगा, आणि त्यापलीकडे दवाखान्याकडे जाणारा रस्ता. अकरापासून मामाचे दात एकमेकांवर घट्ट आवळलेले होते.

मग गाडी कोसळली. "आई गं!" सगळे ओरडले. अशा वेळी सगळेच ओरडतात. मामाचंही तोंड उघडलं, आणि आतून निघालं ते "ताई!" एकदा निघालं ते थांबेचना. प्रत्येक वळणाला, प्रत्येक उताराला तो ओरडत राहिला. त्या गदारोळात कोण कुणाचं ऐकणार! शेजारी थोरली डोळे मिटून "आई, आई" करत होती. पुढची बाई तेच ओरडत होती, मागचा टकल्याही तेच ओरडत होता.

गाडी थांबली. दांडे वर झाले. मामाने घाईघाईने बाहीने तोंड पुसलं.

"वारा झोंबला डोळ्यांना," तो म्हणाला.

कठड्याशी छोटू दोन्ही हात हलवत उड्या मारत होता. थोरलीनेही हात हलवला, त्याला दिसेल असं दात दाखवून हसली, आणि ते हसू तसंच ठेवून हळूच म्हणाली, "मामा, अजून एकदा बसू या ना. इथे कितीही रडलं तरी त्याला कळत नाही."